शकुनाचा घास

मार्गिलानमधल्या आमच्या मोहल्ल्यात तुर्सुनोय-आपाला स्वस्थ बसलेलं पाहिलंय असं शपथेवर सांगणारा माणूस सापडायचा नाही. लग्नघरी गेली तर यजमानीण उठायच्या आत हिच्या बाह्या वर. मयताच्या घरी गेली तर चार हुंदके उरकून ही थेट चुलीपाशी. तिच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईबापांनी हिचं नाव तुर्सुनोय ठेवलं. 'ही तरी राहू दे', असा त्या नावाचा अर्थ. राहिली खरी, पण पायाला भिंगरी लावूनच.

एकतीस वर्षं ती बालवाडीत स्वयंपाकीण होती. स्वयंपाक करून थांबली असती तर ती तुर्सुनोय कसली. हात पुसत पुसत जेवणाच्या खोलीत यायची आणि कोण खातंय, कोण नुसतं चमचा वाजवतंय ते बघायची. न खाणाऱ्या पोराशेजारी मांडी ठोकून बसायची, त्याच्या बहिणीबद्दल, कोंबडीबद्दल काहीबाही विचारायची आणि बोलता बोलता रव्याची पेज तोंडात सरकवायची. पोरानं गाल फुगवून घास धरून ठेवला, तर बोटानं गळ्यावरून हळूच वरून खाली चोळायची. घास उतरायचा. 'तुर्सुनोयच्या हातून दगडसुद्धा पेज पितो' असं बायका म्हणत, आणि ती 'काहीतरीच' म्हणून हसण्यावारी न्यायची. पण मनातून तिला ते पटलेलं होतं. एकही पोर आपल्या हातून उपाशी उठलेलं नाही, हा तिचा एकुलता एक गर्व. नवरा गेला, पेन्शन आली, गुडघे कुरकुरू लागले, तरी तो गर्व तसाच होता.

देवाचं एक आहे, माणसाला जिथं मिरवायला देतो तिथंच चिमटा काढतो. तिच्या मुलाला, इल्होमला, पहिली मुलगी झाली ती निळीच. नाळ गळ्याला वेढलेली. पोर जगली, पण मान काही धरेना, पाठ धरेना, आणि गिळणंही धड जमेना. गिळणंसुद्धा मेंदूला जमावं लागतं हे घरात कुणाला ठाऊक होतं? तिचं नाव मुअत्तर ठेवलं. मुअत्तर म्हणजे सुगंधी, आणि तशी ती होतीही. घरात शिरलं की दुधाचा आणि धुराचा वास यायचा, कारण तिला खोकला आला की नजर लागली म्हणून तुर्सुनोय इसिरिकच्या वाळक्या झुडपाची जुडी पेटवून घरभर फिरवायची.

चार वर्षं तुर्सुनोयनं तिला भरवलं. एका जेवणाला अडीच तास लागायचे. सकाळचं आवरेपर्यंत दुपारचं आलंच. सून मव्जुदा रिश्तानच्या कुंभाराची पोर, शांत, खालमानेची. ती म्हणायची, "अया, मी घेते थोडा वेळ." आमच्याकडं सासूला अया आणि सुनेला केलिन म्हणतात. तुर्सुनोय चमचा सोडायची नाही. "तुझा हात घाबरा आहे, केलिन. पोराला हाताची भीती कळते." मुअत्तर खोकायची, डोळ्यांतून पाणी यायचं, अर्धी पेज गळपट्ट्यावर यायची, आणि तुर्सुनोय पुन्हा गळ्यावरून बोट फिरवायची. दर हिवाळ्यात एकदा तरी फुप्फुसात कफ भरायचा. चार वर्षांची झाली तेव्हा पोर साडेआठ किलोची होती. शेजारणीचं दीड वर्षाचं धटिंगण तिच्यापेक्षा जड भरायचं.

शेवटी मव्जुदानंच नवऱ्याच्या मागे लागून तिला ताश्कंदला नेलं. इल्होम कोकंद ते ताश्कंद टॅक्सी चालवायचा, खिंडीतला रस्ता त्याला तळहातासारखा पाठ. परत आले तेव्हा मुअत्तरच्या नाकात बारीक नळी होती आणि मव्जुदाच्या तोंडात एक नवंच वाक्य होतं.

"अया, ती जेवण गिळत नव्हती. अर्धं श्वासनळीत जात होतं. डॉक्टरनी फोटोत दाखवलं मला."

"चार वर्षं मी काय हवेला भरवत होते?" तुर्सुनोय म्हणाली.

"तीन आठवड्यांनी ऑपरेशन आहे. पोटावर छोटं छिद्र करून नळी थेट पोटात बसवणार. तोवर नाकातून दूध. तोंडानं थेंबभरही द्यायचं नाही. मी सही करून आले आहे."

"पोटाला भोक? मग तोंड काय देवानं शोभेला दिलंय? केलिन, लोक पोटाचं भोक बुजवायला डॉक्टरकडे जातात, तू पाडायला निघालीस?"

इल्होम मध्ये पडला. "अया, डॉक्टर म्हणाल्या, हा हिवाळा असाच गेला तर पुढचा दिसणार नाही तिला."

तुर्सुनोयलाही पोर जगायला हवी होती. पण ती आपल्याच हातून जगायला हवी होती, हेही तितकंच खरं, आणि माणूस अशा दोन गोष्टी एकाच वेळी मागतो तेव्हाच घोटाळा होतो.

ते तीन आठवडे घराला फार जड गेले. मव्जुदा नळीतून दूध द्यायची, पंधरा मिनिटांत काम संपायचं. तुर्सुनोयचे दिवसाचे आठ तास एकदम रिकामे झाले. तिनं कोठार झाडलं, रजयांचा कापूस उसवून पुन्हा भरला, द्राक्षाचा मांडव छाटला, आणि छाटायचं नव्हतं तेही छाटलं. मुअत्तरच्या खोलीत मात्र ती चौकटीपर्यंतच जायची. आत गेली की हात चमच्याकडे जातो, हे तिला कळत होतं.

निघायच्या दिवशी पहाटेच तिनं तंदूर पेटवला. आपल्याकडे माणूस लांब निघाला की नानचा एक घास चावून जातो. उरलेला नान खिळ्याला टांगून ठेवायचा, तो त्याची वाट बघतो. परत येऊन त्यानंच तो संपवायचा. तिचा बाप युद्धावर जाताना चावून गेला होता आणि परत आला होता. इल्होम फौजेत गेला तेव्हाही तिनं टांगला होता. मग ही पोर खिंड ओलांडून चाकूखाली जाणार, आणि मागे तिची वाट बघायला नानही नको?

मव्जुदा बाहेर गाडीत पिशव्या लावत होती. इल्होम पाणी भरत होता. तुर्सुनोयनं नानची कड मोडली, कलौंजी पेरलेली, अजून गरम असलेली. नखाएवढा तुकडा. तो तिनं मुअत्तरच्या दातांमध्ये ठेवला आणि हनुवटी हलकेच वर दाबली. चावणं झालं. मग सवयीनं बोट गळ्यावरून खाली गेलं.

डॉक्टरची ताकीद तिला आठवत नव्हती असं नाही. तोंडानं खायला द्यायचं नाही, हे तिनं तीन आठवडे तंतोतंत पाळलं होतं. पण हे खाणं कुठं होतं? हा शकुन होता. नमाजाआधी पाणी तोंडात घेतात त्याला कुणी तहान भागवणं म्हणतं का? पोर खोकली. ओठ जरासे निळसर झाले, मग पुन्हा गुलाबी. तुर्सुनोयनं तोंड पुसलं, नान दाराशेजारच्या खिळ्याला टांगला आणि पोरीला गाडीत आईच्या मांडीवर देऊन स्वतःही शेजारी बसली.

खिंड ओलांडेपर्यंत मुअत्तर खोकतच होती. ताश्कंदला पोचल्यावर ताप मोजला तर एकोणचाळीस सेल्सियस. दुसऱ्या दिवशी छातीचा फोटो काढला, मग घशातून नळी घालून कफ ओढला. ऑपरेशनची तारीख गेली.

मुलांच्या त्या मोठ्या रुग्णालयात एका पोरामागे एकच माणूस आत राहू शकतं, ती मव्जुदा. तुर्सुनोय भाचीच्या घरी उतरली होती, पण सकाळी आठाला ती रुग्णालयाच्या अंगणात हजर. दुपारी भेटायच्या वेळेत तिला आत सोडलं तेव्हा सर्जनबाई मव्जुदासमोर उभ्या होत्या. मलोहत कमोलोव्ना बुटक्या, मेंदीनं रंगवलेले केस, पायात कापडी बूट, आणि आवाज असा की वॉर्डातली पोरंसुद्धा रडायची थांबावीत.

त्यांनी कापसाच्या पट्टीवर एक काळा ठिपका धरला होता. "ही ओळखतेस?"

"कलौंजी," मव्जुदा म्हणाली.

"नानवर पेरतात ती?"

"हो."

"तुझ्या पोरीच्या छातीतून निघालीय. ती तर नाकातून दूध पिते. आमच्याकडं दुधात कलौंजी उगवायला लागली की काय?"

"मी काही दिलं नाही, डॉक्टर."

"मग वाऱ्यानं उडून आली असेल. हे बघ मुली, सही तू केलीस. मी तुला फोटोत बोट ठेवून दाखवलं होतं, घास कुठं जातो ते." त्यांनी पट्टी घडी करून खिशात ठेवली. "आधी हिचं फुप्फुस साफ करू. पण ऑपरेशनची तारीख मी आत्ता देत नाही. पोटात नळी बसली की घरच्यांना वाटतं, पोट भरतंय ना, आता जिभेला जरा चव देऊ. लपूनछपून देतात. पंधरा दिवसांनी पोर परत माझ्यापुढं. कोणी दिलं ते मला कळू दे, मग बोलू."

बाई गेल्या. मव्जुदानं सासूकडे पाहिलं.

"अया, तुम्ही काही दिलं होतं?"

"मी कशाला देऊ?" तुर्सुनोय म्हणाली.

हे वाक्य तिच्या तोंडातून इतकं झटकन निघालं की तिला स्वतःलाच ते दुसऱ्या कुणाचं वाटलं. इल्होम त्यांना सोडून टॅक्सीवर परतला होता; मव्जुदानं कळवल्यावर भेटीची वेळ संपायच्या आतच त्याचा फोन आला. स्पीकरवर त्याचा आवाज भिंतीवर आपटत होता. "तूच दिलं असशील. इतकी वर्षं अयानं जपली, आणि तुझ्या हातात तीन आठवडे दिली तर हे झालं." मव्जुदानं फोन कानाला लावला, ऐकलं, आणि 'बरं' म्हणून ठेवून दिला.

खाई त्याला खवखवे. तुर्सुनोयला अंगणात एका बाकावर पाच मिनिटं धड बसवेना. ती फाटकापर्यंत जायची, परत यायची. कुणाच्या डब्याचं झाकण घट्ट लावून द्यायची, कुणाच्या पोराचा मोजा वर ओढायची. झाडूवालीच्या हातून झाडू घेऊन तिनं तुतीच्या झाडाखालची पानं गोळा केली. झाडूवाली म्हणाली, "आपा, इथं पगार मला मिळतो." तुर्सुनोय म्हणाली, "मिळू दे, मी कुठं मागतेय." स्वतःशी ती रोज तोच वाद घालायची. मी भरवलं नाही. घास म्हणजे शकुन. एक दाणा कलौंजीचा, त्यानं काय होतंय? आणि वर तिसऱ्या मजल्यावर पोर श्वासाला धडपडतेय, हे तिला दिसत नसूनही दिसत होतं.

चौथ्या दिवशी बाकावर कर्शीकडची एक तरुण बाई बसली होती. मांडीवर सहाएक वर्षांचा मुलगा, मान तिच्या दंडावर टेकलेली. तिनं त्याचा सदरा वर केला. बेंबीच्या डाव्या अंगाला वर एक छोटी नळी होती, तिचं टोक तिनं उघडलं, बिनसुईची जाड सिरिंज त्याला जोडली आणि तीत दूध ओतलं. दूध हळूहळू खाली उतरू लागलं. मुलगा झाडावरच्या चिमण्यांकडे बघत होता. त्याला जेवतोय हे माहीत असावं असं वाटतही नव्हतं.

तुर्सुनोय थांबली. "हा तोंडानं काहीच खात नाही?"

"नाही, आपा."

"आणि चाखायला? सणासुदीला जिभेवर जरासं काही?"

"चाखायलाही नाही. चाखणं म्हणजे खाणंच की हो. नाव बदललं म्हणून ते घशातून वेगळ्या वाटेनं जातं का?" बाईनं दूध संपल्यावर थोडं पाणी सोडलं, टोपण लावलं आणि सदरा खाली केला. "आमच्या सासूबाईंचीही कुरकुर होती. मी म्हटलं, तुम्हाला नातू हवा की नातवाचं तोंड चालताना बघायला हवं?"

ती काही तुर्सुनोयला बोलली नव्हती. पण तुर्सुनोयला भर अंगणात तोंडात बसल्यासारखं झालं. तिनं डोक्यावरचा रुमाल सोडला, पुन्हा बांधला, आणि भेटायची वेळ नसताना जिना चढू लागली. दारावरच्या माणसानं अडवलं तर ती म्हणाली, "बाजूला हो पोरा, मला मलोहत कमोलोव्नांना एक गोष्ट सांगायचीय, आणि ती जिन्यात विसरायची भीती आहे."

सर्जनबाई ड्रेसिंगच्या खोलीबाहेर हात पुसत उभ्या होत्या.

"कलौंजी माझी," तुर्सुनोय म्हणाली. "मी दिला नानचा घास. निघायच्या दिवशी. तिच्या आईला माहीत नाही. खायला नाही दिला, डॉक्टर. शकुनाला दिला, परत यावी म्हणून."

"फुप्फुसाला शकुन कळत नाही, आपा."

"आता कळलं मला."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. रागावायची तयारी होती, पण समोरची बाई अंगाचा कोट काढून द्यावा तशी सगळं देऊन मोकळी उभी होती. "माझ्याही घरात खिळ्याला नान आहे," त्या म्हणाल्या. "मुलगा सेऊलला आहे. पण तो गिळू शकतो. तिच्या आईला सांगितलं?"

"नाही."

"मग मला सांगून काय उपयोग? जा, आधी तिला सांगा. तिनं मला येऊन सांगितलं की तारीख देते."

मव्जुदा वॉर्डाच्या खिडकीपाशी बाळोती वाळत घालत होती. तुर्सुनोयनं सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात, 'मी खोटं बोलले' हेही सांगितलं. मव्जुदानं हातातलं बाळोतं झटकलं, दोरीवर टाकलं, त्याची घडी सरळ केली. आपल्याकडची सून सासूपुढं आवाज चढवत नाही, त्यामुळे तिचा राग कुठं बघायचा तेच कळत नाही. तुर्सुनोयला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"अया," मव्जुदा म्हणाली, "तुम्ही आता घरी जा."

"मी अंगणात बसेन. वर येणारही नाही."

"घरी जा. आणि नळी बसल्यावर तिला मीच भरवणार. तुम्ही नाही." मग तिनं कपडे वाळत घालायचं पुढं चालू ठेवलं.

पन्नास वर्षांत त्या घरात कुणी तुर्सुनोयला 'जा' म्हटलं नव्हतं. ती गेली. दुसऱ्याच्या टॅक्सीत मागच्या बाकावर दोन परक्या माणसांशेजारी खिडकीपाशी बसून तिनं खिंड ओलांडली, आणि सगळ्या रस्त्यात तिनं एकदाही खिडकीची काच वरखाली केली नाही, यावरून ओळखा.

घरी खिळ्याला नान होता, एका कडेला नखाएवढा मोडलेला. ती त्याच्याकडे पाहत राहिली. ज्यानं चावला त्यानं संपवायचा, आणि मुअत्तरनं तर तो कधीच संपवायचा नाही. नान टाकता येत नाही, खिळ्यावर ठेवून रोज बघवत नाही. तिनं तो उतरवला, आणि वाळून लाकूड झालेला नान चहात बुडवून बुडवून स्वतः खाल्ला. तीन दिवस पुरला. शेवटचा घास खाल्ल्यावर तिनं पक्कड आणून खिळाही उपटला. मग रडली. चांगली पोटभर रडली, कारण ऐकायला घरात कुणी नव्हतं.

सतरा दिवसांनी इल्होमचा फोन आला. "अया, झालं. तासभरही लागला नाही. नळी बसली. शुद्धीवर आलीय." तुर्सुनोयनं विचारलं, "मव्जुदा जेवली का?" तो म्हणाला, "विचारतो." त्याच्या आवाजात बायकोबद्दल अजून तेच शिळं दुखणं होतं. तुर्सुनोयच्या लक्षात आलं, मव्जुदानं नवऱ्याला काहीच सांगितलेलं नाही. डॉक्टरला कळलं, सुनेला कळलं, पण पोटच्या पोराच्या डोळ्यांत अजून आईच सोन्याची आणि बायको निष्काळजी. सांगायला हवं, हे तिला समजत होतं. 'येऊ दे घरी, मग सांगेन' म्हणून तिनं ते ढकललं. इतकी धडपडी बाई, पण या एका कामाला तिचे पाय उठेनात.

त्याऐवजी ती मोहल्ला पालथा घालत सुटली. घरोघरी जाऊन सांगायची, "मुअत्तर येतेय. बघायला जरूर या. पण तिच्या तोंडाला कुणी काही लावायचं नाही. नान नाही, साखर नाही, बोटसुद्धा नाही." बायका हसायच्या. "हे कोण बोलतंय? तुर्सुनोय-आपा? आमच्या पोरांच्या घशात चमचे कोंबणारी?" ती म्हणायची, "हो, तीच." एका घरी मात्र तिला जायचा धीर झाला नाही. तिच्या नवऱ्याची थोरली बहीण, सओदत-आपा, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. अख्ख्या खानदानात तिच्यापेक्षा मोठं कुणी उरलं नव्हतं, आणि तिला 'करू नका' असं आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं.

मुअत्तर घरी आली त्या दिवशी अंगण भरलं होतं. गालांवर थोडी सावरलेली, आईच्या मांडीवर उशीला टेकलेली. मव्जुदानं सगळ्यांना सलाम केला, सासूलाही केला, तितकाच वाकून. पण दूध द्यायची वेळ झाली तेव्हा ती पोरीला घेऊन आत गेली आणि पडदा ओढला. तुर्सुनोय बाहेर चहा ओतत राहिली. असं दोन दिवस चाललं. दिवसातून सहा वेळा पडदा ओढला जायचा आणि सहाही वेळा तुर्सुनोयला काहीतरी विळीनं कापल्यासारखं व्हायचं. पण तक्रार कुणाकडं करणार?

तिसऱ्या दिवशी दुपारी सओदत-आपा आल्या. एका हातात काठी, दुसऱ्यात डोंगरातला मध. सगळे उठून उभे राहिले. त्यांना तख्तावर वरच्या जागी बसवलं, इल्होमनं पाठीमागं तक्के लावले, मव्जुदानं पोरीला त्यांच्याजवळ आणलं. त्यांनी दुवा दिली, पोरीच्या कपाळावरून हात फिरवला. मग मधाची बरणी उघडली आणि करंगळी आत बुडवली.

"आजारातून उठलेल्याचं तोंड गोड करायचं असतं," त्या म्हणाल्या.

मव्जुदाचा चेहरा पांढरा पडला. तिनं पोरीला जरा मागं घेतलं, पण खानदानातल्या सगळ्यात मोठ्या हाताला सून कशी अडवणार? इल्होम आत्याला 'अम्मा, डॉक्टर म्हणाल्या' म्हणण्यापर्यंत पोचला आणि अडखळला. करंगळी पोरीच्या ओठांपासून चार बोटांवर होती.

तुर्सुनोयनं त्यांचं मनगट धरलं.

"सोड," सओदत-आपा म्हणाल्या.

"नाही, आपा."

"भान आहे का तुला? तुझ्या नवऱ्याला जन्मल्यावर पहिला मध याच बोटानं मी चाटवला होता."

"माहीत आहे. तरी नाही."

"एक थेंब आहे गं. याला कुणी खाणं म्हणतं का?"

"म्हणतात. मीही हेच बोलले होते." तुर्सुनोयनं मनगट सोडलं नाही. "जायच्या दिवशी मी तिला नानचा घास दिला. लपून. तो तिच्या छातीत गेला. मव्जुदानं नाही दिला, मी दिला. आणि विचारलं तेव्हा खोटं बोलले. चार वर्षं मी चमच्या-चमच्यानं तिला बुडवत होते आणि लोक माझ्या हाताचं कौतुक करत होते. मला माफ करू नका, आपा, पण बोट मागं घ्या."

इल्होम आईकडे बघत होता, मग बायकोकडे, मग त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. सओदत-आपांनी मनगट सोडवून घेतलं, रुमालाला बोट पुसलं, काठी उचलली. चहाला तोंड न लावता त्या निघाल्या, आणि फाटकापर्यंत पोचवायला आलेल्या इल्होमचा हातही त्यांनी धरला नाही. हा अपमान आता वर्षभर तरी मोहल्ल्यात पुरणार, हे तुर्सुनोयला कळत होतं. ती तिथंच उभी राहिली, हाताला मध लागलेला, तो कुठं पुसावा तेही सुचेना.

मव्जुदानं पोरीला तख्तावर उशीला टेकवलं, मानेखाली घडी सारली. आतून दुधाचं भांडं आणि सिरिंज आणली. पडदा ओढायला ती उठली नाही. सगळ्यांसमोर तिनं पोरीचा सदरा वर केला, नळीचं टोपण उघडलं, सिरिंज जोडली.

"अया," ती म्हणाली, "साडेचार झाले. हात धुऊन या."

तुर्सुनोय नळाशी गेली. साबण दोनदा लावला, तिसऱ्यांदा लावला. परत आली तेव्हा मव्जुदानं सिरिंज तिच्या हातात दिली आणि मनगट धरून तिचा हात हवा तितका वर नेला. "एवढ्यावर. जास्त उंच नको, दूध भसकन जाईल. घाई करू नका."

"नाही करत," तुर्सुनोय म्हणाली.

दूध उतरू लागलं. ती खोकल्याची वाट बघत होती. चार वर्षं प्रत्येक घासामागून तो आला होता, आणि तिचे खांदे आत्ताही त्याच्यासाठी आवळलेले होते. दूध अर्ध्यावर आलं, मग तळाला आलं. मुअत्तर आजीकडे बघत होती, आणि खोकला आला नाही.